घरात बारावी आहे

फेब्रुवारी महिना मला आवडत नाही. पहाटे अंगावर चादर लागते आणि दुपारी पंखा पाचावर करावा लागतो. धड थंडी नाही, धड उन्हाळा नाही. कांदिवलीत तेव्हा हायवेकडून येणारी धूळ खिडकीच्या गजांवर बसते, ती पुसून संपत नाही. आमच्या सोसायटीच्या गेटाजवळ एक आंबा आहे. त्याला मोहोर येतो आणि संध्याकाळी त्याचा वास जिन्यातून वर चढतो. लोकांना त्या वासानं गाव आठवतं, आमरस आठवतो. मी खिडकी लावून घेते. मोहोराचा काही दोष नाही हे मला कळतं, पण राग काही दोष बघून येत नाही.

यंदाही मोहोर आला. परवा लिफ्ट बंद होती म्हणून भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यानं चढत होते, तर तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारावर कागद चिकटवलेला दिसला. ‘घरात बारावी आहे. कृपया बेल वाजवू नये.’ बेलच्या बटणावर चिकटपट्टीची फुली. आत माणसं आहेत की नाहीत ते कळू नये एवढी शांतता. पिशव्या खाली ठेवून मी त्या कागदाकडे बघत राहिले. फाडून टाकावा असं फार वाटलं. तीन वर्षांपूर्वी अगदी असाच कागद पाचव्या मजल्यावर, आमच्या दारावर होता.

घरात बारावी आहे. काय वाक्य आहे बघा. आपल्याकडे घरात पाहुणे असतात, घरात लग्न असतं, घरात आजारपण असतं, घरात सुतक असतं, तशी घरात बारावी असते. ती मुलाला नसते, घराला असते. माझा नवरा विजय ऑफिसात, भाजीवाल्याकडे, पार इस्त्रीवाल्याकडेसुद्धा सांगत सुटला होता, “यंदा आमची बारावी आहे.” एकदा सानिकानं, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीनं, ते ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, “तुमची आहे ना? मग तुम्हीच द्या.” विजय हसला. मला हसू आलं नाही.

या सगळ्याची सुरुवात क्लासच्या पालकसभेत झाली. एसी हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि हातात माईक घेतलेला एक टायवाला गृहस्थ. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. “आईबाबा, मुलांइतकीच ही तुमची परीक्षा आहे, ओके?” प्रत्येक वाक्याच्या शेवटी ओके. मग नियम. टीव्ही बंद, पाहुणे बंद, लग्नकार्य बंद, तेलकट-मसालेदार बंद, मोठ्यानं बोलणं बंद. माझ्या शेजारच्या बाईंनी हात वर करून विचारलं, “सर, कुकरची शिट्टी चालेल का?” सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “अव्हॉइड करा.” हॉलमध्ये एकही माणूस हसला नाही. तिथंच उठून यायला हवं होतं, पण भरल्या हॉलमधून कोण उठतं?

मग आमचं घर बंद होत गेलं. टीव्हीवर जुनी पांढरी चादर पडली. समोरची इमारत पाडून तिथं टॉवर चढत होता, दिवसभर जमिनीत खांब ठोकल्याचा आवाज यायचा, म्हणून खिडक्या लावल्या आणि जाड पडदे ओढले. भर दुपारी ट्यूबलाइट. मिक्सर बंद म्हणजे वाटण बंद, आणि वाटण बंद म्हणजे आमच्यासारख्या मालवणी घरात जेवणच बंद. मासे बंद, कारण कुणाच्या तरी मुलाला ऐन परीक्षेत सुरमई बाधली होती म्हणे. फोडणीचा ठसका लागून खोकला झाला तर? फोडणीही बंद. मूगडाळीची पांढरट खिचडी, वर तूप, की झालं. विजयनं दाढी वाढवली, शेवटचा पेपर होईपर्यंत काढणार नाही म्हणाला. “नवस बोललास का?” विचारलं तर म्हणतो, “छे गं, असंच.” देवावर विश्वास नसलेली माणसं परीक्षेच्या दिवसांत फार चमत्कारिक वागतात.

आणि सल्ले. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण सानिकाला म्हणायचा, “टेन्शन नाही घ्यायचं हां बेटा,” आणि लगेच, “प्रिलिमला किती?” स्टेशनाच्या रस्त्यावर गेल्या वर्षीच्या हुशार मुलांचे फोटो लावलेले फलक, एकेकाच्या चेहऱ्याखाली टक्के, जणू काय निवडणुकीलाच उभी आहेत पोरं. मुलुंडचे माझे धाकटे दीर दर रविवारी फोन करून सांगायचे, “वहिनी, बोर्डाला आता कोण विचारतं? सीईटीचं बघा.” बोर्डाला कुणी विचारत नाही, मग तुम्ही दर रविवारी कशाला विचारता, असं एकदा मी त्यांना विचारलं. त्यानंतर ते विजयच्या फोनवर फोन करू लागले. कोकिळेनंसुद्धा तेवढ्यात सुरुवात केली होती. कुणाला गोड वाटत असेल. पहाटे एकच स्वर चढवत चढवत नेणारा तो पक्षी मला क्लासवाल्या सरांसारखाच वाटायचा.

खरं सांगते, मला सानिकाचाही राग यायचा. दार लावून बसायची. खिचडीचं ताट अर्धं तसंच बाहेर यायचं. काही विचारलं की “हं”, नाही विचारलं तरी “हं”. केस न विंचरता चार-चार दिवस एकाच कुडत्यात. जिच्या बडबडीनं डोकं उठायचं ती पोरगी ही नव्हेच, आमच्याकडे भाड्यानं राहायला आलेली कुणी अबोल बाई आहे असं वाटायचं.

पण खरी गोष्ट दुसरीच होती. घराबाहेर पडताना आपण “जाते” म्हणत नाही, “येते” म्हणतो. सानिका पहिलीत असल्यापासून दारातून असं “येते” ओरडायची, की गेटावरचा वॉचमन मान वर करून बघायचा. काही न बोलता उठून जायचं ते एकाच घरातून, जिथं कुणी गेलेलं असतं. तिथं भेटायला आलेली माणसं “येतो” म्हणत नाहीत, उठतात आणि चालू लागतात. जानेवारीत प्रिलिमचे मार्क आले आणि सानिकाचं “येते” बंद झालं. दार उघडायचं, चपला घासल्याचा आवाज यायचा, मग लिफ्टचा. आधी वाटलं, विसरली असेल. दोन-चारदा तसंच झाल्यावर मी दारात अडवून म्हटलं, “सानिका, काही म्हणाली नाहीस.”

“काय म्हणायचं?” ती म्हणाली आणि गेली.

त्या महिन्यात वर्तमानपत्रात कोवळ्या पोरांच्या ज्या बातम्या येतात, त्यांचं पान विजय सकाळीच काढून लपवायचा. पान नाही हे बघूनच मला कळायचं. मला भीती वाटायची, एवढंच. मार्कांची नाही, मार्क गेले खड्ड्यात. ती न सांगता जाते, याची भीती. आणि भ्यालेलं माणूस रडतंच असं नाही, ते भांडतं. मी समोरच्या साइटवर जाऊन सुपरवायझरशी भांडले, “पोरांच्या परीक्षा आहेत, लाज वाटत नाही का ठोकाठोक करायला?” तो म्हणाला, “मॅडम, हमारा भी टाइमटेबल है.” मी पेपरवाल्याशी भांडले, दूधवाल्याशी भांडले. सानिकाशी मात्र भांडता येत नव्हतं, कारण घरात बारावी होती.

अशातच कुडाळकडून फोन आला. विजयची इंदूआत्या, गावाला असते. तिच्या नातवाचं लग्न मार्चात. आत्याला एका कानानं कमी ऐकू येतं आणि फोन ती नेमका त्याच कानाला लावते.

“आत्या, आम्हाला लग्नाला जमणार नाही हो,” मी म्हटलं. “घरात बारावी आहे.”

“काय आसा?”

“बारावी! बारावी!” सानिकाच्या बंद दाराकडे बघत मी दबक्या आवाजात ओरडले.

आत्याचा आवाज एकदम उतरला. “कधी गो?”

“मंगळवारी. आमचं आता कुठंच येणं-जाणं नाही बघा. घरात टीव्हीसुद्धा लावत नाही.”

“देवा रे म्हाराजा,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला. लग्नाला येत नाही म्हणून रागावली असेल, असं मला वाटलं. म्हटलं, रागाव. रांगेत आणखी एक.

मंगळवारी पहिला पेपर होता, इंग्रजीचा. सकाळी आम्ही तिघं खिचडीची ताटं घेऊन बसलो होतो आणि दारावर थाप पडली. बघते तर इंदूआत्या. हातात एक पिशवी. गावच्या कुणाच्या तरी सोबतीनं रात्रभर गाडीत बसून आलेली. सोबत गेटावरूनच परत गेली होती. “आत्या, तुम्ही?” मी म्हटलं. ती आत आली आणि सोफ्यावर न बसता खाली जमिनीवर बसली. तिनं टीव्हीवरची पांढरी चादर बघितली, ओढलेले पडदे बघितले. विजयची वाढलेली दाढी बघितली. पांढऱ्या कुडत्यात, पिंजारलेल्या केसांनी बिनफोडणीची खिचडी चिवडणारी सानिका बघितली. मग पदर तोंडाला लावला, माझा हात घट्ट धरला आणि रडायलाच लागली.

“वयनी कशान गेली गो?”

वयनी म्हणजे तिची भावजय, माझ्या सासूबाई. त्या मुलुंडला धाकट्या दिरांकडे असतात. मला ते खरंच वाटलं. आदल्या दिवशी सासूबाईंचा फोन आला नव्हता. दिरांनीही उचलला नव्हता. परीक्षेच्या घरात अशी बातमी कळवत नाहीत, आधी पेपर होऊ देतात. आमच्याच बिल्डिंगमध्ये एका मुलाला त्याचे आजोबा गेल्याचं शेवटच्या पेपरनंतर सांगितलं होतं आणि सगळ्यांनी त्याच्या आईला शाबासकी दिली होती. तसंच आपल्याशी केलं, आणि आता हे सानिकाच्या समोर फुटलं. विजयचंही तेच झालं होतं. फोन लावता लावता त्याच्या हातून तो खाली पडला आणि स्पीकर चालू झाला.

“कोण, विजू? अरे, आज पेपर मा पोरीचो? मगे फोन कित्याक करतस? ठेव आधी!” सासूबाईंचा खणखणीत आवाज घरभर घुमला.

आत्याचं रडणं जागच्या जागी थांबलं. “ही वयनीच बोलली?”

“हो,” विजय म्हणाला.

“मगे बारावो कोणाचो?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सांगितली बारावी आणि तिनं ऐकला बारावा, माणूस गेल्यावर बाराव्या दिवशी करतात ते कार्य. आणि तिचं काय चुकलं? लग्नाला यायचं नाही, कुठं जाणं-येणं नाही, टीव्ही लावायचा नाही. घरात कुणी गेल्यावर जे जे बंद होतं ते सगळं मीच तिला फोनवर सांगितलं होतं. थोरल्या मुलाच्या घरी बारावा म्हणजे गेली ती भावजयच, आणि लग्नघरात मरणाची बातमी कुणी सांगत नाही, म्हणून ती आपल्यापासून लपवली असणार असं तिनं धरलं, कुणाला न विचारता लग्नाची धांदल तशीच टाकली, घरी काहीबाही कारण सांगितलं आणि निघून आली. भावजयीचा बारावा चुकू नये म्हणून.

सगळ्यात आधी हसली ती सानिका. किती आठवड्यांनी. तोंडातली खिचडी ताटात सांडली इतकी हसली. मग हात पुसत म्हणाली, “आजी, तू बरोबर घरी आलीस गं. बारावाच आहे इथं. माझा.”

हसतच म्हणाली, पण आमच्यापैकी कुणी हसलं नाही. जे मी मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं, ते तिनं खिचडीच्या ताटावर बसून सहज बोलून टाकलं होतं.

“वायट बोला नको!” आत्या उठलीच. आता ती चिडली होती, आणि चिडलेली इंदूआत्या म्हणजे काय ते आमच्या सगळ्या खानदानाला माहीत आहे. तिनं टीव्हीवरची चादर खसकन ओढली. पडदे सारले, खिडकी उघडली. ठोकाठोक, धूळ, ऊन, कोकीळ, सगळं एकदम घरात शिरलं. “पोरीचो पेपर आणि घर ह्या असा ठेवलास? माका वाटला, मढा आसा घरात! आणि ह्या डाळीक फोडणी खय आसा?”

“आत्या, तुम्हाला नाही कळायचं,” मीही सोडलं नाही. “क्लासवाल्यांनी सांगितलंय तसं.”

“तो क्लासवालो मेलो काय? मगे त्येचोच बारावो घाल!”

आमचं चांगलं जोरात वाजलं. मी सासरच्या माणसांशी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. पालकसभा, नियम, दीर, फलकांवरची ती पोरं, सगळा राग तिच्यावर काढला, आणि ती बाईही शब्दाला शब्द देत होती. भांडता भांडता तिनं कढल्यात तेल घातलं, मोहरी-जिरं तडतडलं, लसूण लाल झाला आणि ती फोडणी सानिकाच्या ताटात खिचडीवर पडली. घरभर ठसका. चौघंही खोकलो. आमच्या भांडणाकडे बघत बघत सानिकानं ते ताट संपवलं.

विजय रिक्षा बघायला खाली गेला. मी सानिकाच्या हातावर दही-साखर ठेवली, तिनं चाटली. चपला घातल्या, आणि नेहमीसारखी काही न बोलता लिफ्टकडे निघाली.

“गो!” आत्या आतून गरजली. “न सांगता खय चललस? मयताच्या घरातसून चललस काय? हय कोण मरूक नाय! येतंय म्हणान सांग!”

सानिका थांबली. वळून तिनं आत्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. जानेवारीत तिनं मला विचारलं होतं, काय म्हणायचं. शुभेच्छांची सगळी वाक्यं क्लासच्या सरांनी शिकवली होती, ओकेसकट. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

“नापास झालीस तरी चालेल,” मी म्हटलं. “पण ये.”

ती वळली. लिफ्ट आली, जाळीचं दार सरकलं, लिफ्ट खाली गेली. मी दारात तशीच उभी. माझ्या मागं आत्याही उभी, तिचा श्वास ऐकू येत होता. लिफ्ट खाली पोचल्याचा धक्का ऐकला. आणि मग तळमजल्यावरून, त्या ठोकाठोकीच्याही वर, आवाज आला, “ये…ते!” दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. कुणीतरी दार उघडून “काय चाललंय? परीक्षा आहेत ना पोरांच्या!” असं ओरडलं. मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि रडले. आत्या म्हणाली, “आता रड. मगाशी मी रडत होतंय तेव्हा नाय रडलंस.”

ती त्याच संध्याकाळी परत गेली. लग्नघर होतं ना. दारात, लिफ्टपाशी आणि रिक्षात बसताना, प्रत्येक वेळी मुद्दाम मोठ्यानं “येतंय गो” म्हणाली.

त्या एका सकाळीनं सगळं गोड झालं, असं मात्र कुणी समजू नये. पुढचे पेपर होतेच. सेंटरच्या फाटकाबाहेर, बोरिवलीच्या त्या तापलेल्या फुटपाथवर, मी इतर आयांबरोबर उभी राहिलेच. तिथं एक बाप सुटलेल्या मुलांकडून प्रश्नपत्रिका मागून घ्यायचा आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून स्वतः सोडवायचा. त्याचा मुलगा बाहेर आला की “तिसऱ्याचं उत्तर काय काढलंस?” एके दिवशी तो मुलगा म्हणाला, “पप्पा, पाणी द्या ना आधी.” माझ्या हातातली बाटली मी त्या पोराला दिली, आणि त्याच्या बापाला जे बोलले ते इथं लिहीत नाही. सानिका मला ओढत घेऊन गेली. “आई, बस ना यार,” म्हणाली, “वाट लावलीस तू त्या काकांची.” पण रिक्षात तोंड वळवून हसत होती.

मार्क पडायचे तेवढे पडले. लोकांनी विचारले, तेव्हा मी हेच सांगितलं, आणि त्यांनी ते वाईट पडले असं समजून घेतलं. समजोत. सानिका आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दाढी विजयनं ठेवलीच, बरी दिसते म्हणे. मला फेब्रुवारी आवडत नाही तो नाहीच.

आज सकाळी सानिका कॉलेजला निघाली. चपला घालता घालता तिनं नेहमीसारखी आरोळी ठोकली, “येते!”

“हळू गं,” माझ्या तोंडून गेलंच. “तिसऱ्या मजल्यावर बारावी आहे.” जिभेला हाड नसतं हेच खरं. बोलले आणि माझा मलाच संताप आला.

सानिकानं लगेच ओढणीचं टोक तोंडाला लावलं, डोळे मोठे केले. “अगं बाई! कोण गेलं?”

लिफ्ट अजून बंदच आहे. ती जिन्यानं धडाधड उतरत गेली, आणि तिसऱ्या मजल्यावर तिची पावलं थांबली. आता ही काय करते, म्हणून मी कठड्याशी गेले. चिकटपट्टी टरकन ओढल्याचा आवाज आला. मग बेल, लांबलचक. दार उघडलं. सानिका कुणाला तरी विचारत होती, “येतेस का खाली? वडापाव खाऊ, चल.” मग चपला शोधल्यासारखी खुडबुड.

“अगं, कुठं निघालीस? बारावी आहे!” आतून त्या मुलीच्या आईचा आवाज आला.

आणि जिन्यातून ती मुलगी ओरडली, “येते!”